भरून आलेली जागा

फार वर्षांपूर्वी, नदीच्या वळणावर वसलेल्या एका गावात केरबा नावाचा एक रंगारी राहत असे. त्याने रंगवलेली निळी पागोटी लोक चार-चार दिवसांची वाट तुडवून न्यायला येत. तसा निळा रंग दुसऱ्या कुणाला साधत नाही, असे व्यापारी म्हणत, आणि ते खरे होते.

ही विद्या त्याने आप्पांकडून घेतली होती. आप्पा म्हणजे त्या भागातले सर्वांत जुने रंगारी. केरबा नऊ वर्षे त्यांच्याकडे राहिला, त्यांच्या पंगतीला जेवला. नीळ हा हट्टी रंग आहे. चुना आणि गूळ घालून ती रांजणात आंबवावी लागते, तिला ऊब द्यावी लागते, आणि रोज सकाळी रांजणाचे तोंड उघडून वास घ्यावा लागतो. वास बिघडला की समजायचे, रांजण आजारी पडला. आप्पांनी केरबाला हा वास ओळखायला शिकवले. बाकी सारे कुणालाही शिकवता येते, वास ओळखणे मात्र फार थोड्यांना जमते.

शिक्षण पुरे झाल्यावर केरबाने नदीकाठी स्वतःचा रंगखाना काढायचे ठरवले. तेव्हा त्याचे नुकतेच लग्न झाले होते. तो पत्नीला, सगुणेला, म्हणाला, "दुसऱ्याकडे राबलं की आपला वेळ दुसऱ्याचा. आपलं स्वतःचं काही झालं की वेळ आपल्या हातात. मला यायला-जायला कुणाला विचारावं लागणार नाही. थोडी वर्षं कळ काढ."

स्वतःचा उद्योग उभारणारा प्रत्येक माणूस पहिल्या दिवशी हेच बोलतो, आणि तो खोटे बोलत नसतो.

दोन रांजणांचे चौदा झाले. बावीस कारागीर कामाला लागले. रंगखाना घरापासून अर्ध्या कोसावर होता, पण केरबाला ते अर्ध्या कोसाचे अंतर दिवसा कधी ओलांडता आले नाही. सकाळी घर जागे होण्याआधी तो निघे. जेवण डब्यातून येई. परते तेव्हा घर निजलेले असे. त्याला मंजुळा नावाची मुलगी झाली, ती रांगू लागली, चालू लागली, सात वर्षांची झाली. केरबाने तिला पाहिले ते बहुतेक झोपेतच.

त्याला घराची ओढ नव्हती असे कुणी समजू नये. भर दुपारी कापड पिळताना त्याला एकाएकी घर आठवे. ओसरीवर पडणारा उन्हाचा पट्टा आठवे, सगुणेचे गुणगुणणे आठवे, आणि जीव असा कासावीस होई की हातातले कापड तसेच राही. मग कुणीतरी हाक मारी, "मालक, सातव्या रांजणाला फेस आलाय." तो धावे. क्वचित कधी सणावाराला घरी राहिला, तर सगुणा बोलत असताना त्याच्या मनात रांजण घुमत. जिथे असे तिथे तो अर्धाच असे, आणि उरलेला अर्धा दुसरीकडे झुरत असे.

एके दिवशी दूरच्या शहरातला एक व्यापारी त्याच्याकडे आला. म्हणाला, "घाटाखाली जागा माझी, माणसं माझी. तुमचा हात हवा. इथल्याहून दुप्पट मोठा रंगखाना काढू. महिन्याभरानं मी पुन्हा या वाटेनं येईन, तेव्हा काय ते सांगा."

घाटाखालचे ते गाव तीन दिवसांच्या वाटेवर होते. केरबाला आनंद झाला आणि त्याच क्षणी छातीत काहीतरी खचल्यासारखे झाले. त्याला कळेना, हे काय होते आहे. म्हणून तो आप्पांकडे गेला.

आप्पा आता थकले होते. गुडघ्यांनी साथ सोडली होती. गावाबाहेरच्या आपल्या खोपटापुढे ते खाटेवर बसलेले असत. केरबाने पाया पडून सगळी हकिकत सांगितली. शेवटी म्हणाला, "आप्पा, धंदा वाढवायची हौस आहे, आणि घराचीही ओढ आहे. या दोहोंचा मेळ कसा घालायचा, तेवढं मला सांगा."

आप्पांनी विचारले, "तुझ्याशिवाय तुझा रंगखाना किती दिवस चालेल?"

"एक दिवसही नाही. रांजणांचा वास घेणारं दुसरं कोण आहे तिथं?"

"आणि घर?"

"घराचं मला काही बघावं लागत नाही. सगुणा खंबीर आहे. घराची काळजी नाही."

आप्पा त्याच्याकडे बराच वेळ पाहत राहिले. मग म्हणाले, "बरं." त्यापलीकडे एक शब्द बोलले नाहीत. केरबा हिरमुसून परतला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो रंगखान्यात पोहोचला, तर त्याच्या बसायच्या घोंगडीवर आप्पा बसले होते. शेजारी काठी आणि कपड्यांचे एक बोचके.

"आप्पा! तुम्ही चालत आलात?"

"बसत बसत आलो. केरबा, तू शिकून गेलास तेव्हा मी गुरुदक्षिणा घेतली नव्हती. आज मागतो. देशील?"

"सांगा ना."

"आजपासून एक महिना या घोंगडीवर मी बसणार. तू घरी जायचं. महिनाभर या रंगखान्यात पाऊल ठेवायचं नाही. निरोप पाठवायचा नाही, घ्यायचा नाही."

केरबाच्या तोंडचे पाणी पळाले. "आप्पा, ऐन लग्नसराई आहे. पागोट्यांचे दोन मोठे गठ्ठे द्यायचे आहेत. आणि तुम्हाला हे आता झेपायचं नाही."

"देशील का, एवढंच विचारलं मी."

केरबा नाही कसे म्हणणार? त्याने एकदा सगळ्या रांजणांकडे पाहिले, आणि मान खाली घालून घराकडे निघाला. कारागीर आपापसांत कुजबुजले. हे काय भलतेच, असे त्यांना वाटले. केरबालाही तेच वाटत होते.

सगुणा अंगणात धान्य पाखडत होती. दिवसाउजेडी नवऱ्याला दारात पाहताच ती सूप टाकून उठली.

"अगं बाई, काय झालं? ताप आहे का?" तिने त्याच्या कपाळाला हात लावून पाहिला.

"ताप नाही. महिनाभर मी घरी आहे."

"रंगखान्याला आग-बिग लागली का?"

"नाही गं. आप्पांची आज्ञा आहे."

तो आत आला. डोक्याचे पागोटे काढून खुंटीवर ठेवायला गेला, तर खुंटीवर मंजुळेचा परकर होता. खांबाशी जिथे तो पूर्वी टेकून बसत असे, तिथे तिची भातुकली मांडलेली होती. पागोटे हातात धरून तो तसाच उभा राहिला. सगुणेच्या ते लक्षात आले. तिने लगबगीने परकर काढला, भातुकली बाजूला सारली, सतरंजी अंथरली. त्या लगबगीने केरबाला बरे वाटायला हवे होते, पण वाटले नाही. अशी लगबग पाहुण्यासाठी करतात.

दुपारी तिघे जेवायला बसले. मंजुळा मुकाट्याने जेवत होती. एरवी ती अखंड बडबड करते, असे सगुणाच म्हणाली. जेवण झाल्यावर मायलेकी मागच्या पडवीत भांडी घासायला गेल्या. केरबा पाण्याचा तांब्या घेऊन त्या बाजूला आला, तेव्हा मंजुळेचा दबका आवाज त्याच्या कानी पडला.

"आई, बाबा कधी जाणार?"

"हळू बोल," सगुणा म्हणाली.

त्या प्रश्नात राग नव्हता, कंटाळा नव्हता. घरी कुणी आले की मुले जसे सहज विचारतात, तसे तिने विचारले होते. केरबा तांब्या घेऊन माघारी वळला.

पुढचे काही दिवस त्याने घराला हातभार लावायचे ठरवले. बावीस माणसांचे काम लावून देणारा तो. त्याने पाहिले, पाण्याच्या घागरी दारापासून दूर आहेत, सरपण ओल आहे त्या कोपऱ्यात रचले आहे, सगुणा एकाच कामासाठी चार वेळा आत-बाहेर करते. एका सकाळी त्याने सगळे हलवले. घागरी इकडे, सरपण तिकडे. सगुणा नदीवरून धुणे घेऊन आली आणि उंबऱ्यातच थांबली.

"बघ, आता तुझे किती फेरे वाचतील," तो म्हणाला.

तिने ओले धुणे खाली ठेवले. आवाज न चढवता म्हणाली, "अहो, इथं कुणी कारागीर नाही."

"मी तुझ्या सोयीसाठी केलं."

"ठाऊक आहे मला. पण घागरी तिथं का आहेत, ते विचारलं असतंत. तिथं सावली असते. सरपण त्या कोपऱ्यात आहे, कारण मंजूला या कोपऱ्यात विंचू दिसला होता, दोन वर्षांपूर्वी. तेव्हापासून ती इथं पाय ठेवत नाही, आणि मला सरपण आणून देते तीच."

"मला कुणी सांगितलं नाही."

"मी कधी सांगणार होते?"

सगुणा पायरीवर बसली. तिला बोलायचे नव्हते, पण एकदा उघडलेले बोलणे तिला मिटता येईना.

"पहिलं वर्षभर मी ताट वाढून थांबायची. तुम्ही यायच्या वेळी नाही आलात तर माझा घास उतरत नसे. मग मंजू झाली, तिला भूक लागायची, म्हणून आम्ही आधी जेवायला लागलो. तुमचं ताट झाकून ठेवायला लागले. मग तुम्ही जेवूनच येऊ लागलात. आणि एका दिवाळीला, पाडव्याच्या दिवशी, तुम्ही येतो म्हणाला होतात. मी पाट मांडले, पानं वाढली, आम्ही दोघी जेवलो, मी पानं उचलली. आणि उचलताना माझ्या ध्यानात आलं की मी मुळात दोनच पाट मांडले होते. तिसरा मांडायचं मला आठवलंच नव्हतं." ती थांबली. "त्या दिवशी मात्र मी रडले. त्यानंतर नाही रडले."

"म्हणजे तू माझी वाट बघणं सोडलंस?"

"सोडलं नाही हो," सगुणा म्हणाली. "सुटलं."

त्या दिवसापासून केरबाचे मन घरात रमेना आणि घराबाहेरही जाईना. नवव्या दिवशी त्याला राहवले नाही. रंगखान्यात जायची बंदी होती, म्हणून तो नदीच्या पलीकडच्या तीराने चालत गेला आणि झाडीतून पाहू लागला. दोऱ्यांवर निळी कापडे वाऱ्यावर हलत होती. कारागीर आपापल्या जागी होते. आप्पा काठीने खुणा करून काहीतरी सांगत होते आणि मंडळी हसत होती. ज्या जागेसाठी त्याने आठ वर्षे दिवसाचा उजेड दिला, ती जागा त्याच्यावाचून चालली होती. आणि ज्या घराच्या नावाने हे सगळे केले, तेही त्याच्यावाचून चालले होते. पाण्यापलीकडे उभा राहून तो ढसाढसा रडला. आपण नेमके कुठले, हेच त्याला कळेना.

घरी आला तेव्हा मायलेकी ओसरीवर सागरगोटे खेळत होत्या. एक सागरगोटा वर उडवायचा, तो खाली येईतो दुसरे उचलायचे, आणि वरचा झेलायचा. मंजुळेचा हात पाखरासारखा चाले. केरबा जवळ बसला.

"मला शिकवशील?"

मंजुळेने आईकडे पाहिले. आईने मान हलवली. मग मंजुळेने पाच सागरगोटे त्याच्यापुढे ठेवले. केरबाने एक उडवला आणि तो थेट तुळशीपाशी जाऊन पडला. कापड पिळून पिळून त्याची बोटे जाड झाली होती, नाजूक वस्तू त्यांत ठरत नसे. दुसऱ्या दिवशीही तेच झाले. तिसऱ्या दिवशी सागरगोटा त्याच्याच नाकावर पडला. मंजुळा खुदकन हसली, आणि हसल्याबरोबर तिने तोंडावर हात धरला.

त्यानंतर रोज दुपारी ती त्याला खेळायला बसवी. "बाबा, तुम्ही बघताय खाली. वर बघायचं असतं," असे बजावी. तिच्या मैत्रिणींची नावे त्याला कळली. शेजारच्यांच्या कपिला गाईला वासरू झाले तेव्हा मंजुळा तिथे दिवसभर बसून राहिली होती, हे कळले. मायलेकींचे काही शब्द होते, ते उच्चारले की दोघी पोट धरून हसत. केरबाने एकदा विचारले, "यात काय एवढं हसण्यासारखं?" सगुणेने सगळे समजावून सांगितले. ते कुठल्याशा पावसात, कुणाच्याशा लग्नात घडलेले होते. केरबाही हसला, पण त्याला ठाऊक होते की हे हसू त्याचे नाही.

महिना संपायला चार दिवस उरले असता मंजुळा अंगणात धावताना दगडाला अडखळली. गुडघा चांगलाच फुटला. केरबा अंगणातच होता, अगदी जवळ. त्याने चटकन दोन्ही हात पुढे केले. मंजुळा रडत उठली, त्याच्या दिशेने धावली, आणि त्याच्या पसरलेल्या हातांखालून निघून आत आईच्या कुशीत शिरली. बापाला टाळावे असे तिच्या मनात नव्हते. दुखले की कुठे धावायचे, हे तिच्या पायांना पाठ होते. त्या पाठात केरबा कधी आलाच नव्हता.

तो तसाच हात पसरून उभा राहिला. बऱ्याच वेळाने त्याने ते खाली घेतले.

महिना पुरा झाला त्या सकाळी तो रंगखान्यात गेला. आप्पा घोंगडीवरून उठले आणि म्हणाले, "ये. तुझी जागा तुला देतो. पण आधी ऐकून घे. दोन रांजण बिघडले. माझं नाक आता पूर्वीचं राहिलं नाही. पागोट्यांचा एक गठ्ठा डागाळला, तो ज्याचा होता तो व्यापारी चिडून गेला. बहुधा पुन्हा यायचा नाही."

एरवी केरबा हे ऐकून हादरला असता. आज त्याने फक्त मान हलवली. मग आप्पांपुढे बसून सगळे सांगितले. पाटांचे सांगितले, मुलीचा प्रश्न सांगितला, गुडघ्याचे सांगताना आपले हात पुन्हा तसेच पसरून दाखवले.

"आप्पा, रंगखान्यावाचून माझं अडत नाही आणि माझ्यावाचून रंगखान्याचं अडत नाही, हे दाखवायचं होतं का तुम्हाला?"

"तसं कसं म्हणू? दोन रांजण गेले की," आप्पा म्हणाले. "तुझी गरज आहेच इथं. पण एक गोष्ट बघ. तुझ्या जागेवर मी बसलो. काम थोडं बिघडलं, तरी चाललं. महिन्यानं तू आलास, मी उठलो, तुझी जागा तुला मिळाली. नवे रांजण भरशील, नवा व्यापारी येईल. कामातली जागा अशीच असते. दुसरा बसतो, पुन्हा उठतो. घरात मात्र तुझ्या जागेवर कुणीच बसलं नव्हतं. तरी ती तुला सापडली नाही. का?"

आप्पांनी स्वतःच उत्तर दिले.

"कारण घरातली जागा रिकामी राहत नाही. ती भरून येते, जखम भरून येते तशी. सुरुवातीला घरच्यांना दुखतं, ते वाट बघतात, चिडतात, रडतात. तोवर आपण समजायचं की जागा अजून आहे. मग एक दिवस त्यांचं दुखणं थांबतं. ते रुसत नाहीत, विचारत नाहीत. आणि आपण म्हणतो, घराची काळजी नाही. त्यानंतर ज्याला दुखतं तो एकटा आपण, आणि तेही फार उशिरा."

दोरीवरचे एक कापड उडून आप्पांच्या खांद्यावर आले, ते त्यांनी हलकेच बाजूला केले.

"नऊ वर्षं तू माझ्या घरी होतास," ते म्हणाले. "माझा मुलगा म्हादू तुझ्याच वयाचा. त्या नऊ वर्षांत त्याला माझ्यापाशी बसलेला तू किती वेळा पाहिलास?"

केरबाने आठवायचा प्रयत्न केला. अंगणातून जाणारा एक मुलगा आठवला. दारात थबकलेला, आत न आलेला. आणखी काही आठवेना. त्या नऊ वर्षांत आप्पांशेजारी रोज जो बसला होता, तो केरबा स्वतःच होता.

"तुला वास ओळखायला शिकवायला मला वेळ होता," आप्पा म्हणाले. "तुझी चूक नाही. तू शिकायला आला होतास. म्हादू आता लांब असतो. वर्षातून एकदा येतो. पाया पडतो, तब्येत विचारतो, येताना शाल आणतो. दोन दिवस राहतो आणि जातो. त्याचं काही म्हणजे काही चुकत नाही, केरबा. तो माझ्यावर कधी रागावतसुद्धा नाही."

नदीवर कुणीतरी कापड आपटत होते, तेवढा आवाज येत होता.

"मग मी काय करू?" केरबाने विचारले. "रंगखाना बंद करू?"

"मुळीच नको. आवडतं काम सोडून घरी बसलेला बाप घरादाराला जड होतो. मेळ कसा घालायचा म्हणून तू विचारलंस. मला तो जमला नाही, तेव्हा मी कोणत्या तोंडानं शिकवू? एवढंच म्हणेन, प्रेम एवढ्यात आटत नसतं, सवय मात्र जाते. तुझ्या घरात प्रेम आहे. तुझी सवय गेली आहे. ती पुन्हा लागू दे. उजेड असताना घरी जा. थोडा वेळ जा, पण रोज जा."

महिन्याच्या बोलीप्रमाणे घाटाखालचा व्यापारी परत आला. केरबाने त्याला नकार दिला. नकार देताना त्याच्या जिवाला लागले, हेही खरे. ती जागा पुढे दुसऱ्या एका रंगाऱ्याने घेतली आणि तो मोठा झाला. त्याचे नाव निघाले की केरबा विषय बदली.

मग त्याने एक गोष्ट केली, जी त्याला त्याहूनही अवघड गेली. हैबती नावाचा त्याचा सर्वांत जुना कारागीर होता. त्याला केरबाने रांजणांचा वास ओळखायला शिकवायला घेतले. इतकी वर्षे ही एक विद्या त्याने स्वतःपाशी ठेवली होती, कारण तिच्यामुळे सगळे त्याच्यावाचून अडून बसत, आणि तसे अडलेले पाहणे त्याला मनातून आवडत असे. हैबती चुकला, चिडला, आणि हळूहळू शिकला. केरबा दुपारी जेवायला घरी जाऊ लागला. संध्याकाळी दिवेलागणीच्या आधी परतू लागला. कधी जमले, कधी फसले. लग्नसराईत पुन्हा घडी विसकटली आणि सगुणेने त्याला पुन्हा रुळावर आणले.

मंजुळेची पहिली सात वर्षे मात्र त्याला परत मिळाली नाहीत. शेजारणी कधी तिच्या बोबड्या बोलांच्या आठवणी काढत, तेव्हा तो एका बाजूला बसून ऐके, एखाद्या परमुलखाची हकिकत ऐकावी तसा.

असे सात-आठ महिने गेले. थंडीचे दिवस आले. एका दुपारी कापडाने भरलेली गाडी नदीच्या उतारात रुतली. ती काढता काढता केरबाला फार उशीर झाला. तो घरी पोहोचला तेव्हा ऊन कलले होते. मंजुळा उंबऱ्यात बसली होती, गुडघ्यांना मिठी मारून.

"तू कुठे होतास?" ती एकदम ओरडली. एरवी ती बापाला 'तुम्ही' म्हणे. रागाच्या भरात तिला ते सुचले नाही. "मी कधीची बसलेय. आई म्हणाली जेवून घे, मी जेवले नाही. आता मला भूकच नाही. आता तू एकटाच जेव." आणि तिने त्याच्याकडे पाठ फिरवली. तिची पाठ हुंदक्यांनी हलत होती.

आतून सगुणा म्हणाली, "काढा आता समजूत. माझं तर ऐकायलाच तयार नाही."

केरबा चिखलाने भरलेल्या पायांनी तिच्यामागे उंबऱ्यातच बसला. मंजुळेची समजूत निघायला बराच वेळ लागला, आणि तो वेळ सरू नये असे त्याला वाटत होते.

दुसऱ्या दिवशी रंगखान्यात जाण्याआधी तो आप्पांच्या खोपटाकडे गेला. आप्पा खाटेवर उन्हाला बसले होते. केरबा त्यांच्या पायांशी बसला.

"आप्पा, काल मंजू माझ्यावर रागावली."

आप्पांनी मान वर केली. "काय म्हणाली?"

केरबाने सांगितले. ती उंबऱ्यात कशी बसली होती, काय ओरडली, पाठ कशी फिरवली, सारे सांगितले. आप्पा डोळे मिटून ऐकत होते. बोलणे संपले तरी त्यांनी डोळे उघडले नाहीत. ऊन त्यांच्या सुरकुतलेल्या चेहऱ्यावर स्थिर झाले होते.

"'तू' म्हणाली?"

"हो, आप्पा."

"पुन्हा सांग," आप्पा म्हणाले. "सावकाश सांग. काही गाळू नकोस."

केरबाने पुन्हा पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.